जुन्या रॅमशेजारी नवी रॅम: काय बघायचं, कुठल्या क्रमाने लावायची

गेल्या काही वर्षांत नातेवाइकांचे आणि मित्रांचे जे डेस्कटॉप मी उघडले, त्यांतल्या बहुतेकांत रॅम स्लॉटमध्ये नीटच बसवलेली होती. घोटाळा झाला होता तो त्याआधी, दुकानात 'आठ जीबीची डीडीआर४ द्या' एवढंच सांगून. नाहीतर नंतर, विंडोज चालू झालं म्हणजे काम झालं असं धरून. वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगांच्या रॅम एकत्र चालतात, पण त्याची हमी कुणी देत नाही. त्यातून मशीन चालू होणं वेगळं आणि महिनाभर न अडखळता चालणं वेगळं. म्हणून खालचा क्रम पाळा. एखादी पायरी गाळलीत तर कुठली गाळली ते लक्षात ठेवा, पुढे अडलं की तिथेच परत यावं लागतं.

हे सगळं घरच्या आणि छोट्या ऑफिसातल्या डेस्कटॉपपुरतं आहे.

## १. कॅबिनेट उघडण्याआधी यादी करा

कागद-पेन घ्या. टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि त्यात 'मेमरी' उघडलं की एकूण जीबी, सध्याचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. खरेदीसाठी एवढी माहिती पुरत नाही. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाका. त्याच्या 'एसपीडी' टॅबमध्ये स्लॉट बदलत गेलात की प्रत्येक स्टिकची (रॅमच्या पट्टीची) कंपनी, पार्ट नंबर, क्षमता, रँक (तिच्यावरच्या चिपचा गट एक आहे की दोन) आणि टायमिंगचा (प्रतिसादाला किती ठोके लागतात त्या आकड्यांचा) तक्ता दिसतो. ही माहिती स्टिकवरच्या एका छोट्या चिपमध्ये भरलेली असते आणि मदरबोर्ड चालू होताना तीच वाचतो. म्हणजे बोर्डाला जे दिसणार तेच तुम्ही बघताय.

कागदावर या गोष्टी हव्यात:

- मदरबोर्डचं पूर्ण नाव आणि स्लॉट किती
- प्रोसेसरचं पूर्ण नाव. नुसतं 'आय५' लिहून उपयोग नाही
- प्रत्येक स्टिकचा पार्ट नंबर, क्षमता, वेग, रँक आणि ती कुठल्या स्लॉटमध्ये आहे

प्रोसेसरचं नाव कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण सांभाळणारा भाग, आजकाल प्रोसेसरच्या आत असतो, आणि रॅम किती वेगाने पळणार हे तोही ठरवतो. उदाहरणार्थ, आय५-१०४०० ची रॅमच्या वेगाची अधिकृत मर्यादा २६६६ आहे. एच४१० च्या बोर्डावर त्याच्याबरोबर ३२०० ची स्टिक लावली तर ती मुकाट्याने २६६६ वर चालेल. नुकसान काही नाही, फक्त ३२०० साठी जास्त पैसे मोजू नका.

क्षमतेलाही वरची मर्यादा असते. एच६१ आणि एच८१ चिपसेटच्या जुन्या डीडीआर३ बोर्डांवर एकूण १६ जीबीच्या वर जाता येत नाही. आणि विंडोज ३२ बिटचं असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम ते वापरणारच नाही. आधी विंडोज बदला, मग रॅमचं बघा.

घाबरू नका: सीपीयू-झेडच्या 'मेमरी' टॅबमध्ये ३२०० च्या रॅमसमोर १६०० च्या आसपास आकडा दिसतो. रॅम खोटी निघाली म्हणून तडक दुकानात भांडायला गेलेला माणूस माझ्या ओळखीचा आहे. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा पाठवते. तिथे ठोके दिसतात, पाकिटावर त्याची दुप्पट छापलेली असते.

## २. काय जुळायलाच हवं, काय नसलं तरी चालतं

तीन बाबतींत तडजोड नाही.

पहिली, पिढी. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या मधल्या खाचेची जागा वेगवेगळी आहे. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी एक दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीत गोंधळ जास्त होतो, कारण तोच प्रोसेसर डीडीआर४ च्या बोर्डावरही चालतो आणि डीडीआर५ च्याही. तिथे प्रोसेसरवरून अंदाज न बांधता बोर्डाचंच नाव बघा. एएमडीमध्ये सोपं आहे: एएम४ म्हणजे डीडीआर४, एएम५ म्हणजे फक्त डीडीआर५.

दुसरी, आकार. लॅपटॉपची स्टिक आखूड असते. ऑल-इन-वन आणि चिमुकल्या डेस्कटॉपमध्ये बऱ्याचदा हीच आखूड स्टिक असते, त्यामुळे 'डेस्कटॉप आहे' एवढं सांगून मोठी आणू नका.

तिसरी, सर्व्हरची रॅम. जुन्या सर्व्हरमधून काढलेली 'रजिस्टर्ड' रॅम स्वस्तात मिळते आणि दिसायला अगदी डेस्कटॉपच्या रॅमसारखीच असते. घरच्या डेस्कटॉपवर ती चालत नाही. लेबलवर 'पीसी४-३२००एए' सारख्या मजकुरानंतर डॅश आणि मग एक अक्षर असतं: 'यू' असेल तर डेस्कटॉपची, 'एस' असेल तर लॅपटॉपची, 'आर' असेल तर सर्व्हरची. रविवारी जुन्या बाजारात फिरताना हे एक अक्षर आधी शोधा.

काही लेबलांवर वेगाऐवजी २५६००, २१३०० असे मोठे आकडे असतात. त्यांना ८ ने भागा: २५६०० म्हणजे ३२००, २१३०० म्हणजे साधारण २६६६.

बाकीचं वेगळं असलं तरी बोर्ड मधला मार्ग काढतो. २६६६ आणि ३२०० एकत्र लावल्या तर दोन्ही २६६६ वर चालतील, आणि टायमिंगही दोघींना झेपेल असं, म्हणजे सैल, घेतलं जाईल. एक कंपनी जुनी आणि एक नवी, एकीला हीट स्प्रेडर (धातूचं आवरण) आणि दुसरी उघडी, एक सिंगल रँक ('वन आर') आणि दुसरी ड्युअल रँक ('टू आर'), याने सहसा अडत नाही. अडलंच तर संशयितांत रँकचं नाव वरचं असतं, म्हणून शक्य असेल तर तेवढी जुळवून घ्या.

सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट: गेमिंग रॅमच्या पाकिटावर ३२०० किंवा ३६०० छापलेलं असतं, पण तो वेग बहुधा एक्सएमपी प्रोफाइलचा असतो, म्हणजे बायोसमधून (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधून) मुद्दाम चालू करायच्या जादा वेगाच्या सेटिंगचा. ते प्रोफाइल चालू केलं नाही तर यातल्या कित्येक स्टिक २१३३ किंवा २६६६ वर चालतात. पुण्यात नारायण पेठेत डीटीपी करणाऱ्या माझ्या मित्राने दिवाळी अंकांच्या घाईत त्याच्या ब्रँडेड डेस्कटॉपमधल्या २६६६ च्या स्टिकशेजारी अशी एक चकचकीत ३२०० ची स्टिक लावली. त्याच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नव्हता. नव्या स्टिकचा मूळ वेग २१३३ निघाला आणि जुनीही तिच्याबरोबर खाली आली. ब्रँडेड डेस्कटॉपसाठी साधी, लाइट नसलेली, मूळ वेगच २६६६ किंवा ३२०० असलेली आणि १.२ व्होल्टवर चालणारी डीडीआर४ घ्यावी. ती दिसायला काही खास नसते, पण मुकाट काम करते.

## ३. जोडायची की सगळीच बदलायची?

डीडीआर३ किंवा डीडीआर४, दोन स्लॉटचा बोर्ड, कामं टॅली, ब्राउझर आणि मुलांचा अभ्यास असतील, तर बिनधास्त जोडा. जीबी वाढल्याचा फायदा वेग थोडा कमी झाल्याच्या तोट्यापेक्षा खूप मोठा असतो.

डीडीआर५ वर मात्र माझं मत उलटं आहे. आधी दोन स्टिक असतील तर आणखी दोन आणून चार करू नका. दोन काढून मोठ्या क्षमतेची जोडी घ्या. रायझन ७००० मालिकेत एएमडीने दोन स्टिकसाठी ५२०० पर्यंतचा वेग अधिकृत दिला आहे, तर चार स्टिकसाठी फक्त ३६००. एकाच कंपनीच्या चार स्टिक असल्या तरी ही गत. वेगवेगळ्या लावल्यावर काय होईल ते मशीन चालू होईपर्यंत सांगता येत नाही.

डीडीआर४ मध्येही चार स्टिकचा भार कंट्रोलरवर पडतो, पण २६६६ ते २९३३ वर समाधान मानलंत तर बहुतेक वेळा निभावतं. रायझन ३००० मध्ये चारही स्टिक ड्युअल रँक असतील तर अधिकृत आकडाच २६६६ चा आहे.

## ४. दुकानात

तापकीर गल्लीतल्या दुकानांत जा किंवा ऑनलाइन मागवा, कागद सोबत हवा. आधीच्या स्टिकचा अगदी तोच पार्ट नंबर मिळाला तर उत्तम. मिळाला तरी आतल्या चिप त्याच असतील असं नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपन्या काळानुसार चिप बदलतात. तो नाही मिळाला तर पिढी, क्षमता, मूळ वेग, व्होल्टेज आणि रँक या क्रमाने जुळवा.

जुन्या इंटेल बोर्डासाठी डीडीआर३ घेत असाल तर विशेष जपा. 'फक्त एएमडीसाठी' असं लिहिलेल्या स्वस्त स्टिक बाजारात फिरतात. इंटेलवर त्या चालत नाहीत.

बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि 'चालली नाही तर किती दिवसांत बदलून द्याल' हे पैसे देण्याआधी विचारा. त्या मुदतीतच पुढची चाचणी उरकायची आहे.

## ५. उघडण्याची तयारी

महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. सदोष रॅममुळे मशीन बंद पडलं तर निदान कळतं तरी. ते चालू राहून फाइली गुपचूप बिघडवत राहिलं तर कळतही नाही. चाचणी न करता मी एकदा दोन वर्षांचे फोटो नव्या डिस्कवर हलवले होते. त्यातले बरेचसे खाली अर्धे करडे निघाले.

बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की छापून किंवा मोबाइलवर ठेवा. पुढे बायोस रिसेट करायची वेळ आली तर विंडोज ती मागू शकतं.

मग शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' करा. साध्या शट डाउनमध्ये 'फास्ट स्टार्टअप'मुळे विंडोज अर्धवट झोपलेलं असतं. वीज बंद, वायर काढा, कॅबिनेटचं पॉवर बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या.

पुण्याच्या कोरड्या थंडीत लोकरी किंवा सिंथेटिक स्वेटर घालून, गालिच्यावर बसून हे काम करू नका. फरशीवर, सुती कपड्यांत बसा आणि रॅमला हात लावण्याआधी दर वेळी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा. स्लॉटमधली धूळ ब्रशने किंवा हवेने काढा, तोंडाने फुंकू नका. सोनेरी पिना मळल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि स्वच्छ कापड. खोडरबराचा घरगुती उपाय चालतो, पण त्याचा चुरा स्लॉटमध्ये गेला तर एकाचे दोन त्रास होतात.

## ६. आधी नवी स्टिक एकटी

हीच पायरी सगळे गाळतात. जुनी काढा, फोटो काढून ठेवा, आणि नवी एकटीच लावा. खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने सारखा दाब द्या, क्लिप 'टक्' करून स्वतःहून मिटली पाहिजे. पुष्कळ बोर्डांवर एकाच बाजूला क्लिप असते. दुसऱ्या बाजूची आपण मोडली असं वाटून घाबरू नका. उलटी स्टिक जबरदस्तीने दाबून वीज दिली तर स्टिक जाते आणि बोर्डही जाऊ शकतो.

चालू करा. बायोसमध्ये क्षमता बरोबर दिसते का बघा. मग यूएसबीवर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर घालून निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या. १६ जीबीला तासभर किंवा जास्त लागतो. हे गुरुवारी लावू नका. आपल्याकडे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार तो, आणि अर्धवट चाचणीला काही अर्थ नाही.

तपासा: एकही चूक दिसली तर स्टिक परत. 'फक्त एकच एरर आहे' असं म्हणून ठेवून घेऊ नका. चाचणी शून्य एररचीच हवी.

जुन्या स्टिकचीही हीच चाचणी, एकटीने. पाच वर्षं चालली म्हणून ती चांगलीच असेल असं नाही.

## ७. आता एकत्र: कुठली स्टिक कुठे

दोन स्लॉट असतील तर विचार करण्यासारखं काही नाही. ८ आणि ४ अशा असमान क्षमता असतील तरी बहुतेक बोर्ड पहिले ४-४ जीबी ड्युअल चॅनेलमध्ये (एकाच वेळी दोन वाटांनी) चालवतात आणि उरलेले ४ सिंगलमध्ये. म्हणजे '८ + ४ लावलं की ड्युअल चॅनेल जातं' हे अर्धसत्य आहे.

चार स्लॉट असतील तर बोर्डावर ए१, ए२, बी१, बी२ असं छापलेलं असतं. ए हा एक चॅनेल, बी हा दुसरा. दोनच स्टिक असतील तर आजच्या बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२ मध्ये जातात. काही जुन्या बोर्डांवर क्रम वेगळा असतो, म्हणून कंपनीच्या साइटवरचं मॅन्युअल बघा. स्लॉटच्या रंगावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक कंपनीची रंगांची रीत निराळी.

दोन जोड्या असतील, समजा ८ + ८ आणि ४ + ४, तर एक जोडी ए मध्ये आणि दुसरी बी मध्ये घालण्याचा मोह होतो. दिसायला तेच नीटनेटकं दिसतं. पण मग एका चॅनेलवर १६ आणि दुसऱ्यावर ८ जीबी होतात. जोडी फोडा: आठाच्या दोन स्टिक ए२ आणि बी२ मध्ये, चाराच्या दोन ए१ आणि बी१ मध्ये. दोन्हीकडे १२-१२ जीबी.

## ८. पहिल्यांदा चालू करताना

पडदा काळा राहिला तर लगेच वीज काढू नका. नवी रॅम दिसली की बोर्ड तिचं टायमिंग जुळवून बघतो. डीडीआर५ वर याला काही मिनिटं लागू शकतात, आणि मध्ये एक-दोनदा मशीन आपोआप बंद होऊन चालूही होतं. दहा-पंधरा मिनिटं हात मागे ठेवा. चहा टाका.

त्यानंतरही काही नाही, बीप वाजतेय किंवा बोर्डावरचा 'डीरॅम' लिहिलेला दिवा पेटलेलाच आहे, तर वायर काढा आणि सगळ्या स्टिक काढून परत बसवा. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं, हा माझा अनुभव. नाहीच भागलं तर बायोस रिसेट करा: बोर्डावरची गोल बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा आणि परत घाला. आधी चालू असलेलं एक्सएमपी बोर्डाच्या लक्षात राहिलेलं असतं आणि तेच नव्या स्टिकवर लादलं जातं. रिसेटने ते पुसलं जातं.

## ९. बायोसमध्ये काय करायचं, काय नाही

पहिले काही दिवस एक्सएमपी बंद. रायझनच्या बोर्डांवर यालाच डीओसीपी किंवा एक्स्पो म्हणतात. प्रोफाइल एका स्टिकचं असतं आणि लागू सगळ्यांना होतं. दुसरीला ते टायमिंग झेपेल की नाही हे कुणी विचारत नाही.

मूळ वेगावर पुढची चाचणी पार पडली की मगच प्रोफाइल चालू करून बघा. अडखळलं तर प्रोफाइल तसंच ठेवून वेग एक पायरी उतरवा: ३२०० वरून २९३३, तिथून २६६६. टायमिंगचे आकडे एकेक करून हाताने बदलत बसणं हौशी लोकांसाठी ठीक. ऑफिसच्या मशीनवर नको. डीडीआर४ चं व्होल्टेज १.३५ च्या वर नेऊ नका.

बायोसची नवी आवृत्ती आली असेल आणि तिच्या वर्णनात मेमरीसंबंधी सुधारणा लिहिली असेल तर ती टाकायला हरकत नाही, पण ती वीज आणि यूपीएस दोन्ही भरवशाचे असतानाच.

## १०. एकत्र चाचणी

सगळ्या स्टिक लावून मेमटेस्ट८६ रात्रभर. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात, त्या पुऱ्या होऊ द्या. निकाल असा वाचा:

- एकेकटी पास, एकत्र नापास: स्टिक चांगल्या आहेत, जोडी जमत नाही. वेग उतरवा, मग स्टिकच्या जागा आपसांत बदलून बघा. तरीही नाही तर नवी परत करून दुसरी घ्या.
- एक स्टिक एका स्लॉटमध्ये पास, दुसऱ्यात नापास: स्लॉट, बोर्ड किंवा प्रोसेसरचं सॉकेट. रॅम बदलून उपयोग नाही.
- सगळं पास, पण विंडोज अडकतंय: एक्सएमपी बंद आहे ना ते बघा, मग एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि डिस्क तपासा.

विंडोजमध्ये आल्यावर टास्क मॅनेजरमधला आकडा बघा. १६ पैकी १५.८ किंवा १३.९ वापरण्याजोगे दिसले तर उरलेले बहुधा ऑनबोर्ड ग्राफिक्सने राखून ठेवलेत. १६ लावून ८ च वापरता येत असतील तर स्टिक परत बसवा. आणि 'एमएसकॉन्फिग' उघडून 'बूट', त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' इथे 'मॅक्झिमम मेमरी'वर खूण असेल तर काढा. यूट्यूबवर 'वेग वाढवा' म्हणणाऱ्या कुणाच्या तरी सल्ल्याने ती केलेली असते.

शेवटी दोन चाचण्या ज्या फारसं कुणी करत नाही. मशीन स्लीपमध्ये घालून दहा मिनिटांनी उठवा, असं पाच-सहा वेळा. आणि रात्रभर पूर्ण बंद ठेवून सकाळी थंड असताना चालू करा. न जमलेल्या जोड्या दिवसभर गुण्यागोविंदाने चालतात आणि नेमक्या या दोन वेळी रुसतात.

हे आठवडाभर निभावलं की कुठल्या स्लॉटमध्ये काय लावलंय आणि बायोसमध्ये वेग किती ठेवलाय ते चिठ्ठीवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. जागा नाही म्हणून काढलेली जुनी स्टिक तोवर विकू नका.